बंद करा, पण सांगून बंद करा: आमच्या इंटरनेट कंपनीला सोलापुरातून खुलं पत्र

प्रति,
व्यवस्थापक साहेब आणि तांत्रिक विभागातली सगळी मंडळी,
सोलापूर कार्यालय

सप्रेम नमस्कार.

तुमच्या लाइनवरून मेल पाठवायची वाट तुम्ही न सांगता बंद केलीत, त्याबद्दल हे पत्र. तुमच्या कंपनीचं नाव यात कुठंही येणार नाही. दर महिन्याच्या बिलावर ते एवढ्या ठळक अक्षरात छापलेलं असतं की तुम्हाला ओळख पटायला अडचण पडू नये. बाकीच्यांनी आपापल्या कंपनीचं नाव त्या जागी घालून वाचलं तरी चालेल.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. वडिलांनी ४ मागांवर सुरू केला, आज २४ माग आहेत. निम्मा माल मुंबई-हैदराबादच्या व्यापाऱ्यांकडे जातो, निम्मा न्हावा शेव्यावरून परदेशी. परदेशच्या मालाचं सगळं काम मेलवर चालतं. ऑर्डर मेलवर येते, दरावरून घासाघीस मेलवर होते, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट क्लिअरिंग एजंटला मेलनंच जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तर एजंट ती बघतो, अंगठा दाखवतो आणि खाली लिहितो, "मेल करा." त्याचंही बरोबर आहे. उद्या कस्टमवाल्यांनी विचारलं तर तो अंगठा कुणाला दाखवणार?

आता गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यात काय झालं ते ऐका.

अक्षता सोहळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आमचा कंटेनर भरून निघाला. ऑफिसातल्या अकाउंटंट ताईंनी कागद तयार केले, आउटलुकमध्ये 'सेंड' दाबलं आणि कॉम्प्युटर चालू ठेवून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी कारखाना बंद. मी घरच्यांना घेऊन नंदीध्वजांच्या मिरवणुकीला. 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र'च्या गजरात एजंटचे ३ कॉल मला ऐकू आले नाहीत, ती चूक माझी. संध्याकाळी होम मैदानावर पाळण्यांच्या गोंगाटात चौथा कॉल उचलला.

"शेठ, पेपर आले नाहीत."

"पाठवलेत की ओ, काल दुपारीच."

"नाही आले. स्पॅममध्येपण बघितलं."

रात्री साडेनऊला कारखाना गाठला. वॉचमननं शटर वर केलं. अंधाऱ्या ऑफिसात एकटा तो स्क्रीन उजळलेला, डाव्या बाजूला 'आउटबॉक्स' आणि त्यापुढे कंसात १४. उघडून बघितलं तर १४ मेल एकाखाली एक, सगळे तिरप्या अक्षरात. आउटलुकमध्ये जाण्यासाठी रांगेत उभा असलेला मेल तिरप्या अक्षरात दिसतो, हे त्या रात्री कळलं. एवढी वर्षं बघत होतो, कधी लक्षात आलं नव्हतं.

पत्ता चुकला की मेल परत येतो, निदान 'पोचला नाही' एवढं तरी कळतं. इथं मेल आमच्या खोलीच्या बाहेरच पडला नव्हता, तर परत येणार कुठून? येणारे मेल व्यवस्थित येत होते, त्यामुळं ताईंनाही संशय आला नाही. कागद वेळेत नाहीत म्हणून त्या आठवड्याचं जहाज चुकलं आणि कंटेनर यार्डात उभा राहिला. त्याचं भाडं आम्ही भरलं. रक्कम लिहीत नाही आणि तुमच्याकडं मागतही नाही.

त्याच रात्री तुमच्या कस्टमर केअरला फोन लावला. सोलापूरचा माणूस घरी तेलुगू बोलतो, शेजाऱ्याशी कन्नड, बाजारात मराठी आणि रिक्षावाल्याशी दखनीत भांडतो. तुमच्या फोननं मला हिंदी आणि इंग्रजी यांतलं एक निवडायला लावलं. हिंदी निवडलं. तिथला संवाद थोडक्यात मराठीत देतो.

"सर, इंटरनेट चालू आहे का?"

"चालू आहे. मेल जात नाही."

"एकदा स्पीड टेस्ट करा, सर."

केली. १०० चा प्लॅन, ९६ दाखवला.

"सर, स्पीड तर चांगला येतोय. राउटर एकदा बंद करून चालू करा."

केला.

"जीमेल उघडतंय का?"

"उघडतंय."

"मग सर, मेल चालू आहे."

या माणसावर माझा राग नाही. त्याच्यासमोरच्या कागदावर जे प्रश्न लिहिलेत ते तो विचारणार. त्यानं डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, दिला. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी तुमचा एसएमएस आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, सेवेला ५ पैकी किती गुण द्याल? तोवर आउटबॉक्स १६ वर गेला होता.

'जीमेल उघडतंय म्हणजे मेल चालू आहे', तुमच्या अख्ख्या व्यवस्थेचा घोळ या एका वाक्यात आहे. नेटवर प्रत्येक कामाला नंबर दिलेलं एकेक दार असतं, त्याला पोर्ट म्हणतात. ब्राउझरमध्ये उघडलेलं जीमेल पोर्ट ४४३ वरून चालतं, जसं बँकेचं किंवा बातम्यांचं पान चालतं. तुमच्या लेखी ते फक्त एक वेबसाइट. आउटलुक-थंडरबर्डसारखे मेलचे प्रोग्रॅम, टॅलीतून थेट पाठवलेलं बिल, झेरॉक्स मशिनमधलं 'स्कॅन टू ईमेल' हे सगळं दुसऱ्या दारानं जातं: पोर्ट ५८७ किंवा ४६५, आणि फारच जुनं असेल तर २५. तुम्ही ती दारं लावलीत तर घरी सिनेमा बघणाऱ्या ग्राहकाला वर्षभर पत्ता लागणार नाही. लागेल तो आमच्यासारख्याला, सीएच्या ऑफिसला, गणवेश शिवून राज्याबाहेर पाठवणाऱ्याला. म्हणजे जो धंद्यासाठी नेट घेतो आणि जादा पैसे भरतो, त्यालाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचा लाइनवरचा पोरगा आला. फायबरची पिन पुसली, छोटं मीटर लावलं आणि म्हणाला, "मायनस १९ आहे काका, लाइन एक नंबर." मी त्याला चहा दिला आणि आउटबॉक्स दाखवला. त्यानं मान खाजवली, दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, मागच्या लाइनीतल्या तीन-चार ऑफिसांतूनबी हीच कंप्लेंट आहे. वरूनच कायतरी बंद केलंय." तुमच्या अख्ख्या कंपनीत मला खरं सांगणारा पहिला माणूस हा. म्हणून तो कोण ते लिहीत नाही. तुम्ही विचारलंत तरी सांगणार नाही.

माझा भाचा गड्ड्यासाठी पुण्याहून आला होता. त्यानं आधी आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, दुसऱ्या कंपनीचा, आणि कॉम्प्युटर त्याला जोडला. एका मिनिटात आउटबॉक्स रिकामा. मी आपला तिरपी अक्षरं एकेक करून नाहीशी होताना बघत बसलो. मग त्यानं काळी खिडकी उघडून 'टेलनेट' लिहिलं, म्हणजे समोरचं दार उघडतं का ते बघायची आज्ञा, पुढं आमच्या मेल सर्व्हरचं नाव, पुढं ५८७. हॉटस्पॉटवर लगेच ओळ उमटली: २२०, आणि सर्व्हरचं नाव. मेल सर्व्हर 'या, बसा' म्हणतो तो असा, २२० हा त्याचा नमस्कार. मग हॉटस्पॉट काढून तुमची लाइन लावली आणि तीच ओळ पुन्हा लिहिली. काळा स्क्रीन, लुकलुकणारा कर्सर, बाकी काही नाही. २० सेकंदांनी 'जोडणी झाली नाही'. ४६५ वर तेच, २५ वर तेच.

"मामा, तुमच्या मेलमध्ये खोट नाही, तुमचं दारच बाहेरून लावलंय," भाचा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मी रेल्वे लाइन भागातल्या तुमच्या ऑफिसात येऊन बसलो. दीड तासानं एक इंजिनिअर बाहेर आले. नम्र होते, बसायला खुर्ची दिली. त्यांनी जे सांगितलं ते असं: तुमच्या एका पब्लिक आयपीवरून, म्हणजे नेटवर बाहेरच्यांना दिसणाऱ्या पत्त्यावरून, स्पॅम जात असल्याच्या तक्रारी आल्या, तो आयपी काळ्या यादीत गेला, म्हणून तो आयपी वापरणाऱ्या सगळ्या ग्राहकांचे मेलचे पोर्ट वरच्या ऑर्डरनं बंद केले. कुणाचा स्पॅम, असं विचारलं. ते सांगता येत नाही म्हणाले. आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही बल्क मेल पाठवता का?"

मी गप्प झालो. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण तोंडावर आली होती, ती गिळली. कारण त्याच आठवड्यात मी ६०० व्यापाऱ्यांना 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला'चा मेल पाठवला होता. सोबत टॉवेलच्या नवीन डिझाइनचे फोटो आणि रेट लिस्ट. निम्म्यांनी कधी काळी प्रदर्शनात कार्ड दिलेलं, काहींनी तेवढंही नाही. गोड बोला म्हणायला गेलो आणि माझंच तोंड बंद झालं, असं समजून घरी आलो. दोन दिवस कुणाला काही बोललो नाही. बायकोनं विचारलं, तर 'कंपनीचा प्रॉब्लेम आहे' एवढंच.

पण हिशेबात चूक राहिली की मला झोप लागत नाही. भाच्याला फोन करून नीट समजून घेतलं, स्वतःही वाचलं, आणि ध्यानात आलं की हा हिशेब जुळत नाही. माझे ६०० मेल पासवर्ड देऊन ५८७ वरून आमच्या होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे ज्याच्याकडं आमचं मेल खातं आहे त्याच्या, सर्व्हरला गेले आणि तिथून पुढं सगळीकडं. घेणाऱ्याच्या सर्व्हरला मेल कुठून आला असं दिसलं? होस्टिंगवाल्याच्या आयपीवरून. कुणी कंटाळून 'स्पॅम' बटण दाबलं असेल तर बदनाम तो सर्व्हर होईल आणि होस्टिंगवाला माझा कान धरेल. तुमचा पब्लिक आयपी स्पॅमपायी काळ्या यादीत जायला सहसा तुमच्या लाइनवरच्या एखाद्या मशिननं कुणालाही न विचारता, पासवर्डबिसवर्ड न देता, थेट जगभरच्या मेल सर्व्हरांची दारं पोर्ट २५ वरून ठोठावावी लागतात. व्हायरस लागलेले कॉम्प्युटर नेमकं हेच करतात. १९९८ मध्ये सुरू झालेली स्पॅमहाउस ही संस्था अशा आयपींच्या याद्या ठेवते. तुमचा पब्लिक आयपी तिथं कुणालाही तपासता येतो, भाच्यानं तपासला. व्हायरस लागलेल्या मशिनांसाठी जी यादी आहे, त्याच यादीत तुमचा आयपी होता.

आता माझा खरा मुद्दा. त्या दिवसापर्यंत तुमच्या नेटवर्कवर पोर्ट २५ उघडं होतं. उघडं नसतं तर हे घडलंच नसतं.

आमच्या कारखान्याला दोन दारं आहेत. पुढचं गेट मालाचं. तिथं वॉचमन गेटपास बघतो, गाठी मोजतो, वहीत गाडीचा नंबर लिहितो. मागचं दार चिंध्या आणि सुताची वेस्ट टाकायचं. मागच्या दारातून कुणी गाठ काढली तर कुणी काढली, कधी काढली, काही पत्ता लागणार नाही. म्हणून ते कुलपात असतं. ग्राहकाच्या बाजूनं बघाल तर पोर्ट २५ म्हणजे हे मागचं दार आणि ५८७ म्हणजे गेटपासचं गेट. तिथं नाव-पासवर्ड दिल्याशिवाय मेल पुढं सरकत नाही. तुम्ही वर्षानुवर्षं मागचं दार सताड उघडं ठेवलंत, चोरी झाल्यावर घाबरलात आणि दोन्ही दारांना कुलूप ठोकलंत.

२५ बंद ठेवण्याला माझा विरोध नाही, हे स्पष्ट लिहितो. उलट आधीच का केलं नाहीत, असं विचारतोय. ईमेल पाठवायचा नियम, एसएमटीपी, १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिला तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, सगळे एकमेकांना ओळखणारे. ओळखपत्र मागायची सोयच त्यात ठेवली नव्हती. त्याच्याही आधी, ३ मे १९७८ ला, अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थुर्क नावाच्या माणसानं आपल्या नव्या मशिनांची जाहिरात एकदम सुमारे ४०० जणांना पाठवून दिली होती. जगातला पहिला स्पॅम म्हणून तोच सांगतात. माझा संक्रांतीचा मेल त्याच घराण्यातला, नाकारत नाही. पुढं स्पॅमचा महापूर आला तेव्हा उपाय निघाला तो असा: ग्राहकांच्या लाइनवर २५ बंद करायचं आणि ओळख दाखवून मेल द्यायला वेगळं दार ठेवायचं. ५८७ हे ते दार, १९९८ मध्ये ठरलेलं. २०१८ पासून त्याच्या जोडीला ४६५ वर सुरुवातीपासूनच बंद पाकिटातून, म्हणजे एन्क्रिप्शनमधून, मेल द्यायची शिफारस आहे.

आणि आता जे लिहितो ते तुमच्या तांत्रिक विभागानं वाचून दाखवावं, ज्यांनी 'वरून ऑर्डर' काढली त्यांना. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेनं नोव्हेंबर २००७ मध्ये आरएफसी ५०६८ हा कागद काढला. मेल देण्याघेण्याची उत्तम पद्धत कोणती ते त्यात आहे. इंटरनेट पुरवणाऱ्यानं ग्राहकाला बाहेरच्या ५८७ पर्यंत जाण्यापासून अडवता कामा नये, असं त्यात सरळ लिहिलंय. 'शक्यतो टाळावं' असा मिळमिळीत शब्द नाही, 'अडवूच नये' असा आहे. कागद फुकट मिळतो. मला वाचायला एक संध्याकाळ लागली, आणि मी टॉवेल विणणारा माणूस आहे.

इंजिनिअर साहेब म्हणाले, "आतला कोण ते लगेच कळत नाही, सगळे एकाच आयपीमागं आहेत." हे खरंय. आमच्या राउटरच्या पानावर जो पत्ता दिसतो तो १००.७२ नं सुरू होतो. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये खास याच कामासाठी बाजूला काढलेत: कंपनीनं आतल्या आत वाटायचे, बाहेर कितीतरी ग्राहकांचा मिळून एकच पत्ता. कारणही समजतं. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात ४२९ कोटीच, आणि आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाला ते मोकळ्या हातानं मिळणं एप्रिल २०११ मध्येच थांबलं. म्हणजे हा वाडा आहे. रस्त्यावरच्या दाराला एकच नंबर, आत दोनशे बिऱ्हाडं. पण वाड्याच्या दारावरची वही तुमच्याच हातात आहे ना? कुठल्या वेळी कुठल्या बिऱ्हाडाचं कनेक्शन कुठल्या पोर्टानं बाहेर गेलं, याची नोंद परवान्याच्या अटीप्रमाणे तुम्हाला ठेवावी लागते. पोलिसांनी मागितली तर तुम्ही ती देताच. मग एका बिऱ्हाडाच्या मोरीतून घाण वाहत असेल तर त्याचं दार ठोठवायचं सोडून अख्ख्या वाड्याचं पाणी का तोडता?

आता कबुली नंबर दोन. ते घाण करणारं बिऱ्हाड आमचंच नसेल कशावरून, असं तुम्ही म्हणायच्या आत सांगतो. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारच्या सर्ट-इननं २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलंय, व्हायरस आणि बॉटनेट (दुसऱ्याच्या हुकमावर चालणारे छुपे प्रोग्रॅम) साफ करायची साधनं तिथं फुकट मिळतात. ती उतरवून भाच्यानं आमचे तिन्ही कॉम्प्युटर तपासले. ताईंचा साफ. माझा साफ. तिसरा डिझाइनचा, जॅकार्डची डिझाइन ज्यावर होतात तो. त्यावर अजून विंडोज ७ आहे, कारण डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. त्या विंडोजचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला काढून घेतला, आम्ही वापरत राहिलो. त्यात दोन गोष्टी सापडल्या. त्याच स्पॅम पाठवत होत्या का? असतीलही. नसतीलही, कारण मागच्या लाइनीतल्या ऑफिसांत काय आहे ते मला ठाऊक नाही. भाच्यानं ते मशिन पुसून काढलं आणि नेटवरून कायमचं तोडलं. आता डिझाइन पेनड्राइव्हवर नेतो, तोही तपासून.

चोर माझ्याच घरात असू शकतो, एवढं मान्य करून मी विचारतोय की हे मला तुम्ही का सांगितलं नाही. तुमच्याकडं वही आहे, माझा मोबाइल नंबर आहे. बिलाची तारीख जवळ आली की ५ दिवस आधी, ३ दिवस आधी, आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी असे ४ एसएमएस तुम्ही न चुकता पाठवता. 'तुमच्या लाइनवरच्या एका मशिनमधून स्पॅम जातोय, तपासा' असा पाचवा पाठवला असता तर मी त्याच दिवशी मशिन बंद केलं असतं. तुमचा आयपी यादीतून लवकर सुटला असता, मागच्या लाइनीतल्या बिचाऱ्यांचे मेल अडकले नसते आणि आमचा कंटेनर गेला असता. तुम्ही गप्प राहिलात म्हणून व्हायरस माझ्याकडं अजून काही दिवस सुखानं राहिला. स्पॅम थांबवायचा होता की तक्रारी येणं थांबवायचं होतं, हे एकदा आपसांत ठरवा.

निघताना इंजिनिअर साहेबांनी तोडगाही सुचवला. स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा तुमचा एकट्याचा पत्ता, घ्या, त्यावर सगळे पोर्ट उघडे असतात, महिन्याला जादा पैसे पडतील. स्टॅटिक आयपीला माझी ना नाही, ज्याला स्वतःचा सर्व्हर चालवायचाय त्यानं जरूर घ्यावा. पण मला सर्व्हर चालवायचा नाही, पॅकिंग लिस्ट पाठवायचीय. ठरलेल्या प्लॅनमध्ये जे दार होतं त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली वेगळी विकायची, याला आमच्या बाजारात जो शब्द आहे तो मी इथं लिहीत नाही.

माझ्या बाजूचं मी केलंय. रेट लिस्ट आता फक्त मागणाऱ्यालाच जाते, आणि 'नको' म्हणणाऱ्याचं नाव त्याच दिवशी काढतो. होस्टिंगवाल्याकडून एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी करून घेतल्या, म्हणजे आमच्या नावानं दुसऱ्या कुणी मेल पाठवला तर समोरच्या सर्व्हरला तो बनावट म्हणून ओळखता येतो. जीमेलनं फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या खात्यांवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलंय, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायची अटही घातली आहे. मी ६०० वाला. तरी केलं.

तक्रारीचंही सांगतो, कारण मागच्या लाइनीतल्या मंडळींनाही याचा उपयोग होईल. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे तक्रारीला डॉकेट नंबर द्यावा लागतो. कंपनीनं दिलेल्या निकालानं समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं अपील करता येतं. त्याला फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळं तिकडं पत्र पाठवून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. 'तक्रार सोडवली' असा एसएमएस आला की बहुतेक जण कपाळाला हात लावून सोडून देतात. मी सोडलेलं नाही. अपील दाखल केलंय, टेलनेटच्या दोन्ही स्क्रीनचे फोटो जोडलेत, एक हॉटस्पॉटवरचा २२० वाला आणि एक तुमचा काळा.

आमच्या मागण्या अपिलात मुद्द्यांनी लिहिल्या आहेत, इथं साध्या भाषेत सांगतो. पोर्ट २५ सगळ्यांसाठी बंद ठेवा, आणि ते बंद आहे हे प्लॅनच्या कागदावर लिहा. ५८७ आणि ४६५ आजच्या आज उघडा, आणि पुन्हा कुणाचं बंद करायची वेळ आली तर फक्त त्याचंच करा, आधी त्याला फोन करून. कस्टमर केअरच्या प्रश्नांच्या कागदात 'जीमेल उघडतंय का' च्या खाली 'आउटलुकमधून मेल जातोय का' ही एक ओळ वाढवा, आणि उत्तर 'नाही' आलं तर फोन कुणाकडं द्यायचा तेही लिहून ठेवा. मराठीचं बटणही ठेवा. ते अपिलात नाही, पण आता लिहायला बसलोच आहे तर सांगतो.

आणि तो लाइनवरचा पोरगा. त्याला माहीत होतं आणि त्यानं सांगितलं. तुमच्याकडं असं माहीत असणारे आणखीही असतील. त्यांना ग्राहकाला खरं सांगायची मोकळीक द्या, म्हणजे त्यांना दाराकडं बघून आवाज खाली आणावा लागणार नाही.

सध्या आमचे मेल फोनच्या हॉटस्पॉटवरून जातायत. ताई संध्याकाळी फोन टेबलावर उभा करून ठेवतात आणि आउटबॉक्समधला आकडा शून्यावर आल्याशिवाय उठत नाहीत. तुमचं बिल मी याही महिन्यात वेळेत भरलंय.

पुढचा कंटेनर शुक्रवारी भरतोय. गुरुवारी संध्याकाळी ६ वाजता तुमची लाइन लावून मी पुन्हा टेलनेट करून बघणार आहे.

आपला ग्राहक,
एक टॉवेल कारखानदार
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर